एन-२ झाली, तरी जपानी बोलणं पुस्तकी वाटतंय? वाक्यांचे शेवट बदलायला शिका

एन-२ (जपानी भाषेच्या जेएलपीटी या परीक्षेची वरून दुसरी पातळी) झालेल्या, क्वचित एन-१ झालेल्या माणसाचंही जपानी ऐकताना एक गोष्ट खटकते. व्याकरण चुकत नाही, शब्द अडत नाहीत, तरी समोरचा जपानी माणूस सावरून बसल्यासारखा बोलतो. कारण साधं आहे. आपलं प्रत्येक वाक्य पूर्ण असतं, विधानार्थी असतं आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘देस्’ नाहीतर ‘मास्’ येतं. घरात बसून कोणी बातम्या वाचाव्यात, तसं.

यात परीक्षेचाही हात आहे. जेएलपीटी १९८४ पासून चालू आहे, २०१० मध्ये तिच्या चार पातळ्यांच्या पाच झाल्या, पण बोलण्याचा भाग तिच्यात तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. १८० पैकी ९० गुण मिळवून एन-२ होता येतं, आणि तोवर तोंडातून एकही अर्धं वाक्य गेलेलं नसतं. मग माणूस चाकणच्या कारखान्यात दुभाषी म्हणून उभा राहतो किंवा टोकियोतल्या क्लायंटच्या कॉलवर बसतो, आणि तिथे सगळेच अर्धी वाक्यं बोलत असतात!

मी दुभाषाचं काम करते आणि नव्या मुलांची तयारीही करून घेते. एन-२च्या पुढे बोलणं सुधारायचं तर नव्या शब्दांच्या याद्या थोड्या दिवस बाजूला ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. कोणत्या जागी कोणत्या प्रकारचं वाक्य लागतं आणि ते कसं संपतं, एवढंच धरून बसा. ते कसं करायचं, ते क्रमाने लिहिते आहे.

एक खुलासा. जपानी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर लांबवायचा. ‘न्देस्’ म्हणजे साध्या (‘देस्-मास्’ नसलेल्या) रूपाला लागणारं ‘नो देस्’चं बोलीतलं रूप, तुम्ही ते एन-४लाच शिकला आहात.

जवळ काय हवं

- आवाज रेकॉर्ड करणारा फोन
- रेघांची वही आणि दोन रंगांची पेनं
- चार चित्रांची एखादी गोष्ट, म्हणजे दर वेळी तेच सांगता येईल
- महिन्यातून एक-दोनदा तरी अर्धा तास बोलायला तयार असलेला जपानी माणूस. ऑनलाइन चालेल
- जपानी लोकांच्या खऱ्या संभाषणाचा संग्रह (तो कुठे मिळतो, ते शेवटच्या पायरीत आहे)

व्याकरणाचं नवं पुस्तक लागत नाही. असलं तर बंद ठेवा.

१. स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं कागदावर उतरवा

विषय साधा घ्या. काल काय झालं, गाडी कशी चुकली, नवी खोली कशी शोधली. तयारी न करता दोन मिनिटं बोला आणि मग ऐकत ऐकत अक्षर न् अक्षर लिहून काढा. ‘आनो’, ‘एऽतो’, अडखळणं, सगळं. दोन मिनिटं उतरवायला अर्धा तास सहज जातो आणि फार कंटाळा येतो. पण ही पायरी गाळणाऱ्याला आपण कसे बोलतो ते कळतच नाही. आपण बोललो असं आपल्याला वाटतं ते निराळं आणि फोनमध्ये असतं ते निराळं.

उतरवताना वाक्यं सुधारू नका. हात आपोआप सुधारायला जातो, त्याला आवरा.

२. प्रत्येक वाक्याच्या शेवटावर खूण करा

शाळेत आपण विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी अशी विभागणी शिकलो. ती इथे अपुरी पडते. बोललेल्या जपानीसाठी मी असे कप्पे करते:

- साधं विधान: ‘इकिमाश्ता’, ‘ताकाइ देस्’
- पार्श्वभूमी सांगणारं: ‘इत्ता न्देस्’
- मध्येच सोडलेलं: ‘...केदो’, ‘...ते’, ‘...कारा’, ‘...शि’
- समोरच्याला सामील करून घेणारं: शेवटी ‘ने’, ‘यो’, ‘योने’
- खरा प्रश्न आणि स्वतःशीच केलेला प्रश्न: ‘...का’, ‘...काना’
- नामावर टेकलेलं: ‘...योतेइ देस्’, ‘...कान्जि देस्’
- उलटं: क्रियापद आधी आणि कर्ता-कर्म मागून

आता वहीत साध्या विधानांना एका रंगाने आणि बाकी सगळ्यांना दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. पान जवळजवळ एकरंगी दिसलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सगळे कप्पे एकदम भरायला जाऊ नका, पुढच्या पायऱ्यांत एकेक घेऊ.

३. ‘न्देस्’ची जागा पक्की करा

सहकारी मोठी बॅग घेऊन ऑफिसात आला. तुम्ही विचारलंत, ‘र्योकोऽ नि इकिमास् का’. व्याकरण बरोबर आहे, पण प्रश्न कोरा वाटतो, जणू बॅग तुम्हाला दिसलीच नाही. ‘र्योकोऽ नि इकु न्देस् का’ म्हटलंत की त्यात ‘बॅग दिसतेय, म्हणून विचारतोय’ हे येतं. डोळ्यांसमोर काही दिसतंय, कानावर काही आलंय आणि त्याच्या मागचं कारण विचारायचंय, तिथे ‘न्देस् का’. कोणी तोंड पाडून बसलं असेल तर ‘दोऽ शिता न्देस् का’. तिथे ‘दोऽ शिमाश्ता का’ म्हटलं, तर दवाखान्यातले डॉक्टर विचारतात तसा सूर लागतो.

स्वतःबद्दल सांगतानाही तेच. उशीर का झाला, लवकर का निघायचंय, हे नुसत्या ‘मास्’ने सांगितलं की दोन सुट्या बातम्या होतात. ‘क्योऽ वा चोत्तो योऽजि गा आरु न्देस्’ म्हटलं की ती आधीच्या बोलण्याला जोडली जाते.

सापळा पुढे आहे. ‘न्देस्’ची गोडी लागली की लोक ते सगळीकडे टाकतात. ‘तुमचा छंद काय’ या प्रश्नाला ‘एइगा ओ मिरु न्देस्’ असं उत्तर आलं, की ऐकणाऱ्याला वाटतं हा कसला तरी खुलासा करतोय. विचारलेल्या माहितीचं सरळ उत्तर साध्या विधानातच द्यावं. आणि रूपाचं एक: नामाला आणि ‘ना’वाल्या विशेषणाला ‘नान्देस्’ लागतं. ‘गाकुसेइ न्देस्’ नाही, ‘गाकुसेइ नान्देस्’. हे एन-१वाल्यांच्याही बोलण्यात घाईघाईत निसटतं.

४. वाक्य अर्धं सोडायला शिका

घोडं पेंड खातं ते इथेच. वर्गात अर्धं वाक्य म्हणजे चूक. बोलताना, विशेषतः काही मागताना, नाकारताना किंवा माफी मागताना, पूर्ण वाक्यच अंगावर येतं.

एक खरा नमुना घ्या. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने जपानी शिकणाऱ्यांच्या बोलण्याचा ‘आय-जास’ नावाचा मोठा संग्रह केला आहे. १२ वेगवेगळ्या मातृभाषांचे १००० शिकणारे त्यात आहेत. त्यातला एक प्रसंग असा: तुम्ही जपानी हॉटेलात आठवड्यातून तीन दिवस अर्धवेळ काम करता आणि मालकाला दोन दिवस करून द्यायला सांगायचं आहे. याच प्रसंगावर आपल्याकडची एन-२ झालेली मुलं साधारण असं बोलतात (उदाहरण मी तयार केलं आहे):

‘तेन्चोऽ, ओनेगाइ गा आरिमास्. इमा, इश्शूऽकान नि मिक्का हाताराइते इमास्. देमो, बेनक्योऽ गा इसोगाशिइ देस् कारा, फुत्सुका नि शिते कुदासाइ.’

एकही चूक नाही. पण मालकाच्या हातात अर्ज ठेवून, सही करा म्हणून उभं राहावं, असा सूर आहे. आता हे:

‘तेन्चोऽ, सुमिमासेन, इमा चोत्तो योरोशिइ देस् का. आनो, आरुबाइतो नो हि नो कोतो नान्देस् केदो... इमा, शूऽ मिक्का हाइत्तेरु न्देस् केदो, साइकिन, बेनक्योऽ नो होऽ गा चोत्तो इसोगाशिकु नात्तेकिते... देकितारा, फुत्सुका नि शिते इतादाकेनाइ काना तो ओमोत्ते...’

दुसऱ्यात पहिला प्रश्न सोडला तर एकही वाक्य पुरं झालेलं नाही. प्रत्येक वेळी ‘केदो’ किंवा ‘ते’वर थांबून मालकाला ‘हं, हं’ म्हणायला जागा दिली आहे. विनंती शेवटी आली, तीही ‘असं वाटत होतं की...’ या सुरात. पुढचं मालक पुरं करतो.

खरं तर आपण मराठीत हेच करतो. ‘काका, जरा बोलायचं होतं... ते कामाच्या दिवसांचं... सध्या तीन दिवस येतेय, पण अभ्यास जरा वाढलाय, तर दोन दिवस जमलं तर...’ असंच बोलतो की नाही? मराठीतून विचार करणाऱ्याला हे जड जायला नको. आपण जपानी बोलताना मराठी सोडून इंग्रजीच्या धर्तीवर मुद्देसूद व्हायला जातो, तिथे गाडी घसरते.

कोणता शेवट कुठे, ते असं:

‘केदो’ हा सर्वांत सुरक्षित. विषय काढायला आणि अडचण मांडायला. फोन केल्यावर ‘आरुबाइतो नो केन दे ओदेन्वा शिता न्देस् केदो...’ म्हणून थांबलात तरी चालतं.

‘ते’ कारण सांगायला, विशेषतः माफीच्या वेळी. ‘देन्शा गा ओकुरेमाश्ता कारा’ म्हटलं की गाडीवर खापर फोडून मोकळे झाल्यासारखं वाटतं. ‘सुमिमासेन, देन्शा गा ओकुरेते शिमात्ते...’ म्हटलं की कारण तेच, पण बचावाचा सूर जातो. मराठी माणूस इथे फार वेळा पडतो, कारण आपल्याला ‘कारण’ हा शब्द आधी हवा असतो. त्यातून ‘नाझेनारा... कारा’ची सवय लागते. निबंधात ठीक आहे. बोलताना ‘नाझेनारा’ने सुरू होणारं वाक्य भाषणासारखं वाटतं.

‘चोत्तो...’ नकारासाठी. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या प्रसंगात मालक स्वयंपाकघरात काम करशील का म्हणून विचारतो आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं. ‘र्योऽरि वा चोत्तो... जिशिन गा नाकुते...’ एवढं पुरतं. ‘देकिमासेन’ म्हणायची गरज पडत नाही, ते त्याला कळतं.

‘शि’ दोन-तीन कारणांतलं एक सांगून बाकीची गिळायला. हे सोपं आहे, जास्त बोलत नाही.

आवाजाकडे लक्ष ठेवा. अर्धं वाक्य सोडताना शेवटचा स्वर खाली उतरवत थोडा लांबवायचा असतो: ‘केदोऽ...’. आपल्याकडची मुलं ‘केदो!’ असं ठसक्यात म्हणून गप्प बसतात. मग समोरच्याला कळत नाही की हा संपलाय, अडकलाय की चिडलाय. याचा सराव वाचून होत नाही, रेकॉर्डिंगबरोबर म्हणूनच होतो.

आणि कामाच्या ठिकाणचा इशारा: आकडा, तारीख, सुरक्षेची सूचना कधीही अर्धी सोडू नका. ‘मशीन चालू आहे, पण...’ म्हणून दुभाषा थांबला तर कोणाचा तरी हात जायचा. तिथे पुरं, कोरडं विधानच हवं.

५. गोष्ट सांगताना ‘सोशिते, सोरेकारा’ कमी करा

आय-जासमध्ये चित्रगोष्टीही आहेत. एकीत केन आणि मारी सहलीसाठी सँडविच करतात, दोघं नकाशा बघत असताना कुत्रा टोपलीत शिरतो, आणि सहलीला जाऊन टोपली उघडली की तो बाहेर येतो. शिकणाऱ्यांची सर्वसाधारण तऱ्हा अशी:

‘सान्दोइच्चि ओ त्सुकुरिमाश्ता. सोशिते, इनु गा बासुकेत्तो नि हाइरिमाश्ता. सोरेकारा, पिकुनिक्कु नि इकिमाश्ता. बासुकेत्तो ओ आकेमाश्ता. इनु गा देमाश्ता.’

हजेरी घेतल्यासारखं. जपानी माणूस ‘ते’ने वाक्यं ओवत जातो आणि उघडल्यावर दिसलं त्या जागी ‘तारा’ वापरतो:

‘फुतारि गा चिझु ओ मितेरु आइदा नि, इनु गा बासुकेत्तो नि हाइच्चात्ते, दे, सोनोमामा देकाकेते, ताबेयोऽ तो ओमोत्ते आकेतारा, इनु गा देतेकिते, नाका नो मोनो, ताबेरारेचात्तेता न्देस्.’

एकच लांब वाक्य, आणि शेवटी ‘न्देस्’. मराठीत सांगून पाहा: ‘दोघं नकाशा बघतायत तेवढ्यात कुत्रा टोपलीत शिरला, ते तसेच निघाले, आणि खायला म्हणून टोपली उघडून बघतात तर काय, आत कुत्रा!’ ते ‘तर काय’ म्हणजेच ‘आकेतारा’. मराठीतला ‘ऊन’ (‘करून’, ‘जाऊन’) आणि जपानीतला ‘ते’, ही जोडी तर पहिल्या वर्गापासून तुमच्या ओळखीची आहे.

दोन बारकावे. एक, ‘ताबेरारेचात्ते’मधलं कर्मणी रूप सहलीला गेलेल्यांच्या बाजूने बोलतं. कुत्र्याने खाल्लं हे खरंच, पण नुकसान झालं ते या दोघांचं. बोलणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे जपानीत वाक्याच्या शेवटात दिसतं. ‘शिते कुरेता’, ‘शिते मोरात्ता’चंही तेच. ‘तोमोदाचि गा ओशिएमाश्ता’ म्हटलं तर मित्राने कोणाला तरी शिकवलं. ‘ओशिएते कुरेमाश्ता’ म्हटलं तर मला शिकवलं आणि मला ते बरं वाटलं. हे गाळलं तर ऐकणाऱ्याला माणूस रुक्ष वाटतो.

दोन, लांबवताना शेवट विसरू नका. नव्या उत्साहात ‘ते... ते... ते...’ करत माणूस असा वाहवत जातो की क्रियापदच सापडत नाही. तीन-चार जोड झाले की ‘न्देस् केदो’वर एकदा टेका आणि पुढे चला.

ओपीआय ही बोलण्याची मुलाखत ज्यांना द्यायची आहे, त्यांनी ही पायरी विशेष करावी. तिथे उन्नत पातळीला सुटी वाक्यं पुरत नाहीत, परिच्छेदाएवढं सलग बोलता आलं पाहिजे. ही मुलाखत जास्तीत जास्त अर्धा तास चालते आणि घेणारा मुद्दाम ‘मग काय झालं, सविस्तर सांगा’ म्हणून खोदत राहतो.

६. ‘ने’ आणि ‘यो’ जपून

आपल्याला ‘ना’ची सवय आहे. ‘मी पुण्याची ना, म्हणून...’ तिथून ‘वाताशि वा पुने शुश्शिन देस् ने’ निघतं. पण तुम्ही कुठल्या, हे समोरच्याला माहीत नाही. मग त्याने ‘ने’ला मान कशी डोलवायची? दोघांनाही दिसतंय किंवा दोघांनाही पटतंय, तिथे ‘ने’: ‘आत्सुइ देस् ने’. मला माहीत आहे, तुम्हाला नाही, तिथे ‘यो’. दोघांना माहीत असावं पण खात्री करायची आहे, तिथे ‘योने’.

‘यो’ वरिष्ठाला लावताना दहादा विचार करा. ‘शित्तेमास् यो’ म्हणजे जवळजवळ ‘माहितेय हो मला!’. सोडूनच दिलात तरी काही बिघडत नाही.

७. प्रश्न नसलेले प्रश्न ओळखा

‘सोऽ देस् का’ खाली उतरत्या सुरात म्हणजे ‘अस्सं होय’. तेच वर चढवलं की ‘खरंच? मला नाही वाटत’. आपण ‘का’ ऐकला की सूर वर नेतो, म्हणून साहेबांच्या माहितीवर शंका घेतल्यासारखं होतं. नवी माहिती मिळाल्यावर ‘सोऽ नान्देस् ने’ हे जास्त निर्धोक आहे.

‘काना’ हा स्वतःशी केलेला प्रश्न, समोरच्याला ऐकू जाईल असा. ‘कोरे दे दाइजोऽबु काना...’ म्हटलं की मदत न मागताही कोणीतरी पुढे होतं.

मनातली इच्छा थेट विचारू नका. ‘कोऽहिइ, नोमिताइ देस् का’ हा प्रश्न वयाने मोठ्या माणसाला उद्धट वाटतो. ‘कोऽहिइ, इकागा देस् का’ विचारा. तसंच ‘ते कुदासाइ’ नावाला विनंती आहे, कानाला आज्ञाच लागते. ‘ते मोरात्तेमो इइ देस् का’ किंवा वरिष्ठांना ‘ते इतादाकेमास् का’ म्हणा.

८. साध्या रूपाला मध्येच डोकावू द्या

वरिष्ठासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘देस्-मास्’, हा वर्गातला नियम. खऱ्या बोलण्यात तिथेही साधं रूप येतं, पण फक्त स्वतःशी बोलल्यासारखं असेल तेव्हा. साहेबांनी आणलेली मिठाई तोंडात टाकल्यावर ‘ओइशिइ देस्’ म्हणजे अभिप्राय नोंदवला. ‘आ, ओइशिइ!’ म्हणजे खरंच आवडली. तसंच ‘आरे, नाइ’, ‘योकात्ता’, ‘नान दात्ता काना’. हे तुम्ही त्यांना सांगत नाही, तुमच्या तोंडून निघतं, म्हणून चालतं. लगेच पुढचं वाक्य पुन्हा ‘देस्-मास्’मध्ये हवं.

त्यांच्या बोलण्यावर ‘सोऽ नान दा’ मात्र म्हणू नका. ते त्यांना उद्देशून आहे.

ॲनिमे बघून शिकलेल्यांना वेगळं सांगणं आहे: ‘झो’, ‘झे’ आणि धारदार ‘दा यो’ पडद्यावर राहू द्या. चाळीस वर्षांचा इंजिनिअर मीटिंगमध्ये ‘इकु झो’ म्हणाला तर लोक हसतील, आणि तेही त्याच्यामागे.

९. उलटं वाक्य आणि नामावर टेकलेलं वाक्य

‘कोरे वा ताकाइ देस् ने’ आणि ‘ताकाइ देस् ने, कोरे’. दुसरं बाजारात ऐकू येतं. मनात आधी आलं ते आधी, बाकीचं मागून. मराठीत ‘कुठे गेली, किल्ली?’ म्हणतोच ना आपण? तसंच ‘दोको इत्ता न्दारोऽ, कागि’. दिवसातून दोनदा मुद्दाम वापरा, जीभ वळते.

नामावर टेकलेली वाक्यं ऑफिसात लागतात. ‘राइशूऽ इकिमास्’पेक्षा ‘राइशूऽ इकु योतेइ देस्’ नेमकं. ‘इमा काकुनिन शितेरु तोकोरो देस्’ म्हणजे तपासणी चालू आहे, उगाच फोन करू नका. आणि ठाम सांगायचं नसेल तेव्हा ‘...तो इउ कान्जि देस्’. दर वाक्याला ‘तो ओमोइमास्’ लावायची खोड इथे सुटू शकते. सूर्य पूर्वेला उगवतो, असं वाटतं, असं कोणी म्हणतं का?

निरोप पोचवतानाचा शेवटही घोटून ठेवा. तिसऱ्याचं बोलणं सांगताना ‘इइमाश्ता’ नको, ‘त्ते इत्तेमाश्ता’ हवं: ‘तानाका-सान, आश्ता वा यासुमु त्ते इत्तेमाश्ता’. दोस्तांत नुसतं ‘यासुमि दात्ते’, म्हणजे आपलं ‘सुट्टी आहे म्हणे’.

१०. खरं बोलणं कुठे ऐकायचं

पाठ्यपुस्तकांच्या सीडीतले लोक एकमेकांचं वाक्य संपेपर्यंत थांबतात. खरे जपानी थांबत नाहीत. म्हणून नमुना तिथून घेऊ नका.

आय-जास करणाऱ्या त्याच भाषा संस्थेने २०२२ मध्ये रोजच्या संभाषणाचा २०० तासांचा संग्रह प्रसिद्ध केला. घरातल्या जेवणाच्या, ऑफिसातल्या, मित्रांच्या गप्पा, खऱ्याखुऱ्या. संस्थेच्या ‘चूऽनागोन’ या शोधयंत्रावर नाव नोंदवून त्यात शब्द शोधता येतो. ‘केदो’ टाका आणि त्यानंतर वाक्य संपलंय अशा जागा वाचत जा. नागोया विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा सुमारे १०० तासांचा, १२९ संभाषणांचा जुना संग्रहही आहे. आय-जासही तिथेच आहे, शिकणाऱ्यांची आणि जपानी लोकांची तीच गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. त्या १२ मातृभाषांत एकही भारतीय भाषा नाही. त्यामुळे मराठी माणूस नेमका कुठे अडतो, ते तुमच्या वहीतूनच काढावं लागेल.

पुण्यात बोलायला माणसं मिळणं इतर शहरांपेक्षा सोपं आहे. इथे जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, जपानी कंपन्यांमुळे जपानी कुटुंबं राहतात, आणि त्यांतल्या कित्येकांना मराठी किंवा इंग्रजी शिकायचं असतं. अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली, असा व्यवहार करा. मात्र ‘माझ्या चुका सांगा’ म्हणू नका. ते हसून ‘ओजोऽझु देस् ने’ म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी वहीतलं एक वाक्य पुढे करा आणि विचारा, ‘हेच तुम्ही तुमच्या साहेबांना कसं म्हणाल?’ मग उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा अर्धंच मिळतं. ते तसंच, टिंबांसकट लिहून घ्या.

महिन्याभराने पहिल्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं रेकॉर्ड करा, उतरवा, त्याच दोन रंगांनी अधोरेखित करा. दुसरा रंग वाढला असेल पण सगळा ‘न्देस् केदो’चाच असेल, तर पाचवी पायरी परत घ्या.